दोनशे किलोची गाडी आणि आपली कंबर

गोल हेडलाइट, थेंबाच्या आकाराची टाकी, लांब चकचकीत सायलेन्सर आणि धडधड आवाज. जुन्या घडणीची, साडेतीनशे सीसीच्या आसपासची अशी मोटारसायकल आज अनेक घरांत बोलण्याचा विषय झाली आहे. मुलगा नोकरीला लागला, दोन वर्षे पगार नियमित आला, की हा विषय निघतोच. रोज कामावर जायला आणि सुट्टीत महाडला, अजिंठ्याला, नागपूरला जायला एकच गाडी हवी, असे त्याचे म्हणणे असते. आईला हप्त्याची काळजी, वडिलांना अपघाताची, आणि मुलगा मात्र शोरूममध्ये जाऊन रंगही ठरवून आलेला.

हौसेला आमचा विरोध नाही. ज्यांच्या आजोबांना गावात पायात चप्पल घालून चालणेही अवघड होते, त्यांच्या नातवाने स्वतःच्या कमाईची बुलेट दारात उभी करावी, यात वावगे काही नाही. आरोग्याच्या पानावर हा विषय घेण्याचे कारण वेगळे आहे. ही गाडी पुढची सात-आठ वर्षे रोज तास-दोन तास आपल्या शरीराला वागवणार आहे. चालवणाऱ्याची कंबर आणि मनगट, मागे बसणाऱ्या ताईचे गुडघे, अंगणात खेळणाऱ्या लेकराचे पाय, या सगळ्यांशी तिचा संबंध येतो. चप्पल घेताना आपण पायात घालून चार पावले चालून बघतो. दोन लाखांची गाडी मात्र रंग आणि आवाजावर घेतो. ती कशी पारखावी, ते येथे सांगत आहोत.

या गाड्या कोणत्या?

रॉयल एनफील्डची बुलेट मद्रासच्या कारखान्यात १९५५ पासून बनू लागली. जावा ही मूळची झेक गाडी. ती १९६० नंतर म्हैसूरमध्ये तयार होऊ लागली आणि पुढे तिचीच येझदी झाली. आपल्या वडीलधाऱ्यांनी पाहिलेल्या त्या गाड्यांचे रूप आता नव्या इंजिनांवर परत आले आहे. रॉयल एनफील्डच्या क्लासिक, बुलेट, हंटर आणि मेटिऑर या ३४९ सीसीच्या गाड्या, होंडाची ३४८ सीसीची हायनेस, पुन्हा बाजारात आलेली जावा, टीव्हीएसची २२५ सीसीची रोनिन, आणि पुण्याजवळ चाकणला बजाजच्या कारखान्यात तयार होणारी ट्रायम्फ स्पीड ४००, ही त्यातली ठळक नावे.

या घडणीचा शरीराला एक खरा फायदा आहे. हँडल रुंद आणि उंच, पाय फार मागे नाहीत, म्हणून पाठ सरळ राहते. पुढे वाकून चालवायच्या स्पोर्ट गाडीवर अंगाचा भार मनगटांवर आणि मानेवर येतो, तसा इथे येत नाही. इंजिन कमी वेगातही जोर देते, त्यामुळे गिअर कमी वेळा बदलावा लागतो. जुन्या बुलेटची हातापायांना झिणझिण्या आणणारी थरथर नव्या इंजिनांत बॅलन्सर शाफ्टमुळे बरीच कमी झाली आहे. पण तोट्याची बाजूही आहे, आणि तिची सुरुवात वजनापासून होते.

वजन : गल्लीतली परीक्षा

स्प्लेंडरसारखी शंभर सीसीची गाडी सुमारे ११२ किलोची असते. क्लासिक ३५० भरते १९५ किलो. हंटर, हायनेस आणि स्पीड ४०० या १८० किलोच्या आसपास आहेत, तर रोनिन १६० किलोच्या जवळपास. म्हणजे स्प्लेंडरवरून क्लासिकवर जाणे म्हणजे आणखी एक धडधाकट माणूस अंगावर घेऊन गाडी ढकलणे.

हायवेवर हे वजन जाणवत नाही, उलट गाडी रस्त्याला धरून चालते. वजन जाणवते ते पहाटे, चार फुटी गल्लीतून गाडी उलटी बाहेर काढताना. एका बाजूला गटार, दुसऱ्या बाजूला पाण्याचे पिंप, खाली ओली फरशी. कंबरेत कळ भरते ती बहुतेक वेळा अशाच क्षणी, अंग वाकडे करून जड गाडी ओढताना. म्हणून शोरूममध्ये पहिली परीक्षा इंजिन बंद ठेवून घ्या. गाडी दहा पावले मागे ढकला, थोड्या चढावर ढकला, जागच्या जागी वळवून बघा, स्टँडवर लावा. धाप लागली किंवा कंबर ताणली गेली, तर ती गाडी तुमच्या गल्लीची नाही, कितीही आवडली तरी.

सेंटर स्टँड लावायचीही एक रीत आहे. गाडी हातांनी उचलू नका. स्टँडचे दोन्ही पाय जमिनीला टेकले की त्याच्या दांडीवर आपले सगळे वजन देऊन उभे राहा. गाडी आपोआप मागे चढते, हात फक्त तोल सांभाळतात. गाडी आडवी पडलीच, तर इंजिन बंद करा, गाडीकडे पाठ करून खाली बसा, एका हाताने हँडल आणि दुसऱ्याने सीटखालची दांडी धरा, आणि पाठ सरळ ठेवून मांड्यांच्या जोराने उठा. कोणी मदतीला येत असेल तर संकोच करू नका.

उंची : दोन्ही पाय टेकतात का?

सीटची उंची कंपनीच्या माहितीपत्रकात मिलीमीटरमध्ये छापलेली असते. क्लासिकची ८०५, हायनेसची ८००, रोनिनची ७९५. मेटिऑरची सर्वांत कमी, ७६५. हंटरची उंची आधी ८०० होती, २०२५ च्या मॉडेलमध्ये ती ७९० झाली. पण नुसत्या आकड्यावर जाऊ नका. सीट रुंद असेल तर मांड्या फाकतात आणि पाय कमी पोचतात. नेहमीची चप्पल किंवा बूट घालून गाडीवर बसा. दोन्ही पायांचे चवडे पूर्ण टेकले पाहिजेत, आणि एका पायाची टाच तरी टेकायला हवी. सिग्नलला एका पायाच्या अंगठ्यावर १९५ किलो तोलणाऱ्याची गाडी पावसात कधीतरी कलंडतेच, आणि घोटा खाली सापडतो.

घरातली लेक गाडी चालवणार असेल, तर ही परीक्षा तिने द्यायची आहे, भावाने नाही. उंची कमी असलेल्यांसाठी मेटिऑर बसायला सोपी आहे, पण तिचे वजन १९१ किलो आहे, हेही लक्षात ठेवा. उंची आणि वजन दोन्ही जमले, तरच पुढे जा.

मनगट आणि क्लच

शहराच्या कोंडीत दहा किलोमीटर जाताना क्लच शेकडो वेळा दाबला जातो. क्लच जड असेल तर अंगठ्याच्या मुळाशी आणि कोपरापर्यंत दुखू लागते. शिवणकाम, गवंडीकाम, सफाईकाम करणाऱ्यांचे हात दिवसभर आधीच राबलेले असतात. हायनेस, स्पीड ४०० आणि नव्या हंटरमध्ये असिस्ट क्लच आहे, तो दाबायला हलका असतो. टेस्ट राइडला रिकाम्या रस्त्यावर एक फेरी मारून समाधान मानू नका. गर्दीच्या वेळी, आपल्या रोजच्या रस्त्यावर वीस मिनिटे चालवू द्या, असे शोरूममध्ये स्पष्ट सांगा. उतरल्यावर बोटे बधिर झाली आहेत का, मांडीला इंजिनची धग लागली का, खांदे आखडले का, ते बघा. क्लच आणि ब्रेकचे लिव्हर खाली-वर फिरवून मनगटाच्या रेषेत आणता येतात. हे काम दोन मिनिटांचे असते, ते करून घेतल्याशिवाय गाडी ताब्यात घेऊ नका.

मागे बसणारीला विचारले का?

आपल्या घरात ही गाडी एकट्याची नसते. मागे बायको बसते, आई बसते, बाजारची पिशवीही असते. तरी गाडी निवडताना मागच्या सीटवर कोणी बसूनच बघत नाही. काही मॉडेल दिसायला देखणी असतात, पण मागची सीट वीतभर आणि उतरती असते. काहींना तर एकच सीट येते. फूटरेस्ट उंच असेल तर गुडघे जास्त दुमडतात, आणि गुडघेदुखी असलेल्या आईला अर्ध्या तासात उतरावेसे वाटते.

शोरूमला जाताना मागे बसणाऱ्या व्यक्तीला सोबत न्या. साडी नेसत असतील तर साडीतच न्या. मागे धरायला दांडी, पाय ठेवायला फूटरेस्ट आणि मागच्या चाकाचा निम्मा भाग झाकणारे साडीगार्ड हे केंद्रीय मोटार वाहन नियमांनी बंधनकारक केले आहे. ‘गाडी शोभत नाही’ म्हणून साडीगार्ड काढून टाकणारे आपल्यातही आहेत. ओढणी किंवा पदर चाकात गेला की काय होते, हे कोणत्याही सरकारी दवाखान्यातल्या अपघात विभागात विचारा. शक्य असेल तर दोन्ही बाजूंना पाय टाकून बसावे. एका बाजूला बसल्याने कंबर पिळलेली राहते आणि अचानक ब्रेक लागला तर तोल जातो. गरोदर ताईंनी अशा गाडीवरून लांबचा प्रवास टाळावा, जवळच्या प्रवासाबद्दल आपल्या डॉक्टरांना विचारावे.

नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला दुचाकीवर नेताना त्याच्या मापाचे हेल्मेट आणि चालवणाऱ्याला बांधणारा पट्टा हवा, आणि वेग ताशी ४० किमीच्या वर जाऊ नये, असा नियम आहे. टाकीवर लेकरू, मागे बायको आणि तिच्या मांडीवर दुसरे, ही सवय गाडी मोठी झाली म्हणून सुरक्षित होत नाही. कायद्याने मागे एकच माणूस बसू शकतो.

ब्रेक आणि डोके

२०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे गेली. त्यात ४४.५ टक्के दुचाकीवरची होती. जड गाडीला वेग येतो, आणि ती थांबवायला चांगला ब्रेक लागतो. १२५ सीसीच्या वरच्या सर्व नव्या गाड्यांना एप्रिल २०१९ पासून एबीएस सक्तीचे आहे. ओल्या रस्त्यावर घाबरून ब्रेक दाबला तरी चाक जॅम होऊन गाडी घसरू नये, ही त्याची करामत. स्वस्त मॉडेलमध्ये ते बहुधा फक्त पुढच्या चाकाला असते, महाग मॉडेलमध्ये दोन्ही चाकांना. क्रोम, रंग, जादा दिवे यांवर दहा हजार घालवण्याआधी दोन्ही चाकांचे एबीएस घ्या.

हेल्मेट दोन घ्या, गाडीच्याच दिवशी. हेल्मेटमुळे डोक्याला इजा होण्याचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी आणि मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी कमी होतो, असे अनेक देशांतल्या अभ्यासांचा एकत्र आढावा सांगतो. जुन्या गाडीला शोभतात म्हणून अर्धी हेल्मेटे विकली जातात. त्यांत हनुवटी आणि जबडा उघडाच राहतो. तोंड झाकणारे, आयएसआय खुणेचे, डोक्याला घट्ट बसणारे घ्या. पट्टा बांधून हेल्मेट मागून पुढे ओढून पाहा. ते निघून आले तर माप चुकले. एकदा जोराचा मार बसलेले हेल्मेट पुन्हा वापरू नका.

लांबच्या वाटेवर

मुंबईहून महाड सुमारे १७० किमी, संभाजीनगरहून अजिंठा सुमारे १०० किमी. एवढा प्रवास सकाळी निघून सहज होतो. नागपूरचे मात्र वेगळे आहे. मुंबईहून आठशे किलोमीटरहून जास्त अंतर, आणि ७०१ किमीच्या समृद्धी महामार्गावर दुचाकीला बंदी. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर आणि अटल सेतूवरही मोटारसायकल चालत नाही. म्हणजे जुन्या रस्त्याने, गावागावांतून जायचे आहे. रात्रभर गाडी हाणून पहाटे पोचण्याचा बेत आखू नका. दिवसाला अडीचशे ते तीनशे किमी पुरे, आणि अंधार पडण्याआधी मुक्काम. घोळक्याने निघालात तर सर्वांत हळू चालवणाऱ्याला पुढे ठेवा.

दर तासाला थांबा. पाच मिनिटे चाला, खांदे फिरवा, कंबर मागे वाकवा. पाठीवर जड बॅग घेऊन चालवू नका. तिचे सगळे ओझे मणक्यावर येते. सामान सीटला किंवा बाजूच्या पिशव्यांत, खालच्या बाजूला बांधा. स्वच्छतागृह मिळणार नाही या भीतीने अनेक ताई प्रवासात पाणीच पीत नाहीत, आणि घरी आल्यावर लघवीची जळजळ सुरू होते. पेट्रोल पंपावर स्वच्छतागृह, पिण्याचे पाणी आणि टायरची हवा या सोयी मोफत द्याव्या लागतात. त्या हक्काने मागा.

कंबरदुखी दोन-चार दिवस विश्रांतीने उतरते. पण कळ पायात उतरत असेल, पायाला बधिरपणा किंवा अशक्तपणा आला असेल, तर गाडी बंद ठेवून डॉक्टरांना दाखवा. लघवी-संडासावरचा ताबा सुटत असेल, तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जा.

वाटेत अपघात झाला तर १०८ ला फोन करा. मे २०२५ पासून केंद्र सरकारची योजना लागू आहे. तीत अपघातग्रस्ताला नेमलेल्या रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार पैसे न भरता मिळतात. आणि अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याला कायद्याचे संरक्षण आहे. पोलिसांच्या भीतीने कोणी पुढे गेले नाही, असे आपल्या वस्तीत तरी होऊ नये.

दारातली गाडी

या गाड्यांचा सायलेन्सर लांब आणि उघडा असतो, बरोबर रांगत्या-धावत्या लेकराच्या पायाच्या उंचीवर. गाडी आल्यावर तो निवायला वेळ लागतो. सायलेन्सरची बाजू भिंतीकडे करून लावा. कोणी भाजलेच, तर वीस मिनिटे नळाखाली धरा. नळाला पाणी नसेल तर स्वच्छ पाण्याची धार तांब्याने सोडत राहा. टूथपेस्ट, हळद, शाई, बर्फ काही लावू नका. फोड मोठे असतील किंवा मूल लहान असेल तर दवाखान्यात न्या.

पाऊस आहे म्हणून गाडी खोलीत किंवा बंद पडवीत घेऊन इंजिन चालू ठेवू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि तो झोपेतच माणसाचा जीव घेतो. गाडी अशी लावा की स्ट्रेचर नेता येईल एवढी वाट उरेल. आणि मूळचा सायलेन्सर काढून फटफट आवाजाचा लावणे हा गुन्हा आहे. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे पत्र्याच्या पलीकडे कोणाचे तान्हे बाळ झोपलेले असते, कोणाची आजी आजारी असते, कोणाची मुलगी परीक्षेचा अभ्यास करत असते.

हप्त्याचे दुखणे

हप्ता हा आरोग्याचा विषय आहे. त्याच्या काळजीने झोप उडते, आणि पैसे कमी पडले की पहिली काटछाट दूध, फळे आणि औषधांवर येते. दोन लाखांचे कर्ज १२ टक्क्यांनी तीन वर्षांसाठी घेतले तर हप्ता सुमारे ६,६४० रुपये, आणि व्याज ३९ हजारांच्या आसपास. पाच वर्षांसाठी घेतले तर हप्ता सुमारे ४,४५० रुपये, पण व्याज ६७ हजारांच्या जवळ. कमी हप्ता म्हणजे स्वस्त गाडी नव्हे.

पेट्रोलही मोजा. रोज ३० किमी, महिन्याला २६ दिवस, म्हणजे ७८० किमी. लिटरला ३५ किमी देणारी गाडी २२ लिटर पेते, ६० देणारी १३ लिटर. लिटरला १०४ रुपये धरले तर महिन्याला साडेनऊशे रुपयांच्या वर फरक पडतो. सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकीवर जीएसटी १८ टक्के आणि त्यावरच्या गाड्यांवर ४० टक्के आहे. विम्यातही हीच रेषा आहे. २०२२ च्या दराने नव्या गाडीचा पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा ३५० सीसीपर्यंत ७,३६५ रुपये, आणि त्यावर १५,११७ रुपये. चालक-मालकाचा १५ लाखांचा अपघात विमा मात्र वगळू नका. घरात कमावणारा एकच असेल, तर तोच त्या घराचा आधार आहे.

मग कोणती घ्यावी?

रोजचा प्रवास कोंडीतला, गल्ली अरुंद, आणि वर्षातून दोन-तीनदाच बाहेर जाणे, असे असेल तर १६० ते १८० किलोतली गाडी बघा. रोजचा रस्ता मोकळा, लावायला जागा, आणि दोघांनी मिळून वारंवार लांब जायचे, तर १९५ किलोची, रुंद सीटची गाडी अंगाला सुखाची ठरेल. कंबरेचे जुने दुखणे असेल, किंवा हप्ता पगाराच्या सातव्या-आठव्या हिश्शाच्या वर जात असेल, तर आहे ती शंभर-सव्वाशे सीसीची गाडी कामाला ठेवा, आणि सहलीपुरती मोठी गाडी अधिकृत परवान्याच्या दुकानातून, काळ्या पाटीवर पिवळ्या अक्षरांची, भाड्याने घ्या. दोन दिवस चालवली की शरीर स्वतःच काय ते सांगेल.

दसरा-दिवाळीची सूट पुढच्या वर्षीही येते. शोरूमला जाताना मागे बसणारीला सोबत न्या, गाडी दहा पावले मागे ढकला, वीस मिनिटे गर्दीत चालवा, आणि हप्ता कागदावर मांडून घरात सगळ्यांना दाखवा. एवढे करूनही गाडी पसंत पडली, तर बिनधास्त घ्या. आणि पहिल्या दिवशी दोन हेल्मेटे घेऊनच घरी या.